क्षणभराच्या ठिणगीचे साक्षीदार

वळिवाच्या दिवसांत आपल्याकडे आभाळ भरून येतं, वीज चमकते आणि घरातली जुनी माणसं गडगडाट ऐकू येईपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजतात. तीन आकडे झाले की वीज साधारण किलोमीटरभर अंतरावर पडली, असा तो हिशोब. चकाकी आपल्यापर्यंत तत्काळ पोचते, आवाज मागून येतो. नुसती चकाकी दिसली तर वीज जवळ पडली की लांब, ते कळत नाही. नुसता आवाज आला तर तो ढगाचा की कुठल्या खाणीतल्या सुरुंगाचा, अशी शंका राहते. दोन्ही मिळाले की गोष्ट पक्की होते. आज मला तुमच्याशी ज्या इतिहासाबद्दल बोलायचं आहे, त्याचं मर्म या साध्या हिशोबात आहे. फक्त ही वीज ढगातली नाही, ती अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येते. आणि तिच्यासाठी एक साक्षीदार आपल्याच भागात, औंढा नागनाथच्या परिसरात, उभा राहायचा आहे.

मी विज्ञानाचा शिक्षक. परभणी जिल्ह्यातल्या शाळांत नोकरीची वर्षं गेली. १ मे १९९९ रोजी आपल्या जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला आणि औंढा कागदोपत्री त्या जिल्ह्यात गेलं. पण जिंतूरच्या माणसाला विचाराल तर तो औंढ्याला परकं म्हणणार नाही. त्यामुळे हा विषय मी आपला मानतो.

गॅमा किरण म्हणजे एक प्रकारचा प्रकाशच, पण एक्स-रेपेक्षाही जास्त ऊर्जेचा. आकाशात कुठल्या तरी कोपऱ्यातून अचानक या किरणांचा झोत येतो. कधी सेकंदाचा काही भाग, कधी मिनिट-दोन मिनिटं टिकतो आणि विझतो. पुन्हा त्या जागी तसा झोत येत नाही. तेवढ्या वेळात तो साऱ्या आकाशातल्या गॅमा किरणांवर मात करतो. आपल्या उपकरणांना असे झोत सरासरीने दिवसाला एक तरी पकडता येतो. याला गॅमा किरणांचा स्फोट म्हणतात. आपल्याला यातलं काही दिसत नाही, कारण वातावरण हे किरण वरच्यावर अडवतं. ते अडवतं म्हणून आपण सुखरूप आहोत. पण त्यामुळेच हा स्फोट पाहायचा तर उपकरण वर, अवकाशात न्यावं लागतं.

बॉम्ब शोधता शोधता

हे स्फोट सापडले ते खगोलशास्त्रज्ञांना नव्हे. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी एक करार केला. जमिनीवर, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचणी करायची नाही, असं ठरलं. करार झाला, पण विश्वास कोणाचा कोणावर नव्हता. समोरचा चोरून चंद्रापलीकडे बॉम्ब फोडणार नाही कशावरून? म्हणून अमेरिकेने ‘व्हेला’ नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात, ते टिपणं हे त्यांचं काम.

२ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी एक झोत नोंदवला. लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेतले रे क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांनी ती नोंद नंतर, १९६९ मध्ये, जुने आकडे चाळताना बाहेर काढली. अणुबॉम्बची गॅमा चमक पापणी लवायच्या आत भडकते आणि ठरावीक रीतीने उतरते. या नोंदीत मात्र एकामागोमाग दोन चढ होते. बॉम्ब तसा वागत नाही.

पण मग हे होतं काय? एका उपग्रहाला दिशा कळत नव्हती. पुढे जास्त चांगली घड्याळं असलेले उपग्रह वर गेले, तेव्हा एक युक्ती करता आली. हे उपग्रह एकमेकांपासून लाखभर किलोमीटरहून अधिक अंतरावर असत. झोत एकाला आधी लागतो, दुसऱ्याला सेकंदाच्या काही अंशाने उशिरा लागतो. या फरकावरून झोत कुठल्या बाजूने आला याचा अंदाज बांधता येतो. त्यावरून दोन गोष्टी नक्की झाल्या. हे झोत पृथ्वीवरून येत नव्हते आणि सूर्याकडूनही येत नव्हते. क्लेबेसाडेल, ओल्सन आणि इयन स्ट्राँग यांनी १९७३ मध्ये असे १६ स्फोट जगासमोर ठेवले.

इथे लक्षात घ्या की पहिली ओळख नकाराची होती. ते काय आहे हे सांगता येत नव्हतं, काय नाही एवढंच सांगता येत होतं. आणि तेवढं सांगायलाही एकाहून अधिक उपग्रह लागले.

पत्र्यावरचा पाऊस

आता एखादं यंत्र स्फोट झाला हे ओळखतं कसं, ते सांगतो. पत्र्याच्या घरात पावसाची भुरभुर चालू असते, तेव्हा थेंबांचा एक सरासरी आवाज असतो. तो थोडा कमी-जास्त होत राहतो. मध्येच सर आली की आवाज एकदम वाढतो आणि आतला माणूस न बघता सांगतो, सर आली. उपग्रहातल्या यंत्रावरही गॅमा किरणांचे थेंब सतत पडत असतात. यंत्र ते मोजतं आणि सरासरी काढत राहतं. नेहमीच्या चढउतारात बसणार नाही एवढी वाढ झाली की ते ती वेळ नोंदवतं आणि जमिनीवर इशारा पाठवतं.

अडचण पुढे येते. सर आली हे कळलं, पण कशाची? सूर्यावर ज्वाला उसळली तरी गॅमा किरण येतात. अवकाशातल्या विद्युतभारित कणांचा लोट यंत्रावर आदळला तरी मोजणी वाढते. ५ मार्च १९७९ रोजी एक प्रचंड झोत आला आणि त्याच्या मागोमाग दर आठ सेकंदांनी ठोके पडावेत तशी चढउतार मिनिटभराहून जास्त वेळ चालली. तो होता आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला एक अतिचुंबकीय तारा, ज्याला पुढे मॅग्नेटार हे नाव मिळालं. त्याची जात वेगळी, कारण तो विझून संपला नव्हता.

आणि आपल्या वळिवाची वीज? ती सुद्धा या यादीत आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने ५ एप्रिल १९९१ रोजी कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात सोडली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्से’ नावाच्या उपकरणाचे आठ डोळे बसवले होते. जेराल्ड फिशमन हे त्या उपकरणाचे प्रमुख. त्यांना १९९४ मध्ये असं दिसलं की काही झोत वरून नव्हे, खालून, पृथ्वीकडून येतात. ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागांइतकेच टिकतात आणि वादळी ढगांच्या माथ्यावरून निघतात. म्हणजे गावाकडच्या ढगातली वीजही क्षणभर गॅमा किरण फेकू शकते. ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकून ऐकत, हे मी पाहिलेलं आहे.

हे सगळं बाजूला काढलं तरी बॅट्सेकडे नऊ वर्षांत २,७०४ स्फोट उरले. ते आकाशभर सारखे पसरलेले होते. आपल्या आकाशगंगेतले असते तर ते तिच्या पट्ट्यात गर्दी करून दिसले असते. तसं नव्हतं. याच उपकरणाच्या पहिल्या २२२ स्फोटांवरून क्रिसा कुवेलिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक रेघ ओढली. दोन सेकंदांहून कमी टिकणारे ते आखूड, त्याहून जास्त टिकणारे ते लांब. आखूड झोतांत जास्त ऊर्जेच्या किरणांचं प्रमाणही अधिक होतं. घड्याळ लावून केलेली ही विभागणी होती. माणसाची जात त्याच्या उंचीवरून ठरवण्यासारखाच हा प्रकार. पण हाती दुसरं काही नव्हतं, आणि रेघ पुष्कळ वर्षं कामाला आली.

अंतराचा प्रश्न मात्र सुटेना. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वादविवाद झाला. बोहदान पाचिन्स्की म्हणाले, हे स्फोट विश्वाच्या दूरच्या टोकांकडून येतात. डोनाल्ड लॅम्ब म्हणाले, आपल्याच आकाशगंगेच्या आसपासचे आहेत. दोघंही मोठे, दोघांकडेही गणित. स्फोट सापडून अठ्ठावीस वर्षं झाली होती, तरी तो गावच्या शिवारातला की सातासमुद्रापलीकडचा, हे ठरत नव्हतं.

कुरुंदवाडचं नाव

कोंडी फुटली ती दुसऱ्या प्रकारच्या प्रकाशामुळे. इटली आणि नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने २८ फेब्रुवारी १९९७ रोजी एका स्फोटानंतर त्या जागी एक्स-रेची मंद धग पाहिली. चूल विझल्यावर निखारे धुमसत राहतात, तसं. जागा नेमकी कळली, मग साध्या प्रकाशाच्या दुर्बिणीही तिकडे वळल्या आणि त्यांनाही ती विझत जाणारी धग दिसली.

त्याच वर्षी ८ मे रोजी दुसरा स्फोट झाला. या वेळी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा चमू हवाईमधल्या केक दुर्बिणीवर तयार होता. मार्क मेट्झगर, जॉर्ज जॉर्गोव्हस्की आणि श्रीनिवास कुलकर्णी ही त्यातली प्रमुख नावं. कुलकर्णी यांचा जन्म १९५६ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. बालपण हुबळीला गेलं. लेखिका सुधा मूर्ती यांचे ते धाकटे भाऊ. या चमूने धगीच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. वाटेतल्या वायूने त्यात ज्या काळ्या रेघा उमटवल्या होत्या, त्या मोजल्या आणि उत्तर मिळालं. हा प्रकाश आपल्याकडे यायला किमान सुमारे सात अब्ज वर्षं लागली होती. आपली पृथ्वी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पाचिन्स्कींचं म्हणणं खरं ठरलं.

त्याच स्फोटाची रेडिओ लहरींतली धग डेल फ्रेल, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींनी टिपली. ती आधी लुकलुकत होती, काही आठवड्यांनी लुकलुकणं शांत झालं. आकाशात चांदणी लुकलुकते, ग्रह स्थिर दिसतो, कारण ग्रहाची चकती मोठी असते. त्याच न्यायाने कळलं की स्फोटाचा गोळा फुगून मोठा झाला, आणि तोही प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास वेगाने. कुलकर्णी यांना २०२४ चा शॉ पुरस्कार मिळाला, त्यात गॅमा स्फोटांवरच्या या कामाचाही उल्लेख आहे.

पुढे १९९८ आणि २००३ मध्ये लांब स्फोटांच्या जागी महाकाय ताऱ्याचा मृत्यू, म्हणजे सुपरनोव्हा, उगवताना दिसला. लांब स्फोट म्हणजे महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळणं, हे जुळलं. आखूड स्फोट म्हणजे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळणं, असा तर्क होता. तो पटणारा होता, पण त्याला साक्ष नव्हती.

अ‍ॅस्ट्रोसॅटची नोंदवही

मध्यंतरी भारताचा स्वतःचा डोळा वर गेला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ सोडला. त्यातलं एक उपकरण कॅडमियम झिंक टेल्युराइड या स्फटिकाच्या चकत्यांचं आहे. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालं. पुण्याच्या आयुकाचा त्यात मोठा वाटा आहे आणि पुढे आयआयटी मुंबईतले डॉ. वरुण भालेराव आणि त्यांचे विद्यार्थी त्याच्या नोंदी चाळू लागले. आयुका ही डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. ते २०२५ साली आपल्यातून गेले, पण मराठी घराघरांत विश्वाची ओळख त्यांच्यामुळे झाली, हे मी वेगळं सांगायला नको.

खरं तर हे उपकरण समोरच्या ठरावीक ताऱ्याकडे बघण्यासाठी आहे. पण पुरेशी ऊर्जा असलेले गॅमा किरण उपग्रहाच्या भिंतीतून आरपार येतात, त्यामुळे बाजूने किंवा मागून आलेला झोतही त्याला जाणवतो. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण चालू केलं आणि पहिल्याच दिवशी एक स्फोट नोंदला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या वहीत सहाशेवा स्फोट जमा झाला.

यातली एक नोंद मला फार शिकवून जाते. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. म्हणजे अवकाशाचीच एक कंपनं. सुमारे तेवीस तासांनी हवाईमधल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला त्याच भागात एक विझत चाललेला ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या मिलनातून प्रकाश निघाला असेल तर ती फार मोठी बातमी होती. दुर्बिणी तिकडे वळल्या. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदवहीत मात्र लहरीनंतर एकवीस तासांनी आलेला एक वेगळा गॅमा झोत सापडला. ठिपका ज्या गतीने विझत होता ती मागे मोजत गेलं, तर त्याची सुरुवात या झोतापाशी पोचत होती, लहरीपाशी नव्हे. दोन घटना एकाच दिशेला, एका दिवसाच्या अंतराने घडल्या, एवढाच तो योगायोग. मोठी बातमी बाद झाली आणि खरी गोष्ट उरली. भारतीय उपकरणाने दिलेली ही साक्ष मला पहिल्या क्रमांकाच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

श्रावणातला गुरुवार

आता या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस. १७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. आपल्याकडे श्रावण चालू होता. भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं. लायगोच्या उपकरणांतून सुमारे शंभर सेकंद एक लहर सरकत गेली. लय वाढत वाढत ती संपली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत आदळले होते. ती संपल्यावर १.७ सेकंदांनी नासाच्या ‘फर्मी’ उपग्रहाला गॅमा झोत लागला. तो जेमतेम दोन सेकंद टिकला, म्हणजे कुवेलिओटूंच्या रेघेवरच. विजेची चकाकी आणि गडगडाट यांच्यामधले आकडे आपण मोजतो, तसं प्रथमच विश्वातल्या एका घटनेचं कंपन आणि चमक यांच्यामधलं अंतर माणसाने मोजलं.

त्या दिवसाच्या साक्षीदारांपैकी जे गप्प राहिले, त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगतो. इटलीतल्या ‘व्हर्गो’ वेधशाळेत लहर जवळजवळ जाणवलीच नाही. ती बंद नव्हती. मग अर्थ असा की घटना तिला नीट ऐकू न येणाऱ्या दिशेला झाली असली पाहिजे. त्यामुळे जागा फार आकसली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटलाही झोत दिसला नाही. तो साडेसहाशे किलोमीटर उंचीवर फिरतो, आणि तिथून जवळपास तीस टक्के आकाश पृथ्वीच्या आड जातं. म्हणजे घटना त्या आडोशाच्या बाजूला झाली असणार. न दिसण्यानेही शोधाचा परिसर कमी झाला. शेवटी आकाशाचा सुमारे २८ चौरस अंशांचा तुकडा उरला. पौर्णिमेचे दीडशेच्या आसपास चंद्र मावतील एवढा. अकरा तासांच्या आत चिलीतल्या एका दुर्बिणीला त्या तुकड्यात, १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत, नवा ठिपका सापडला.

तेरा कोटी वर्षं म्हणजे किती? आपल्या मराठवाड्याच्या मातीखालचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून झाला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा प्रकाश निघाला तेव्हा तो लाव्हा वाहायलाही तितकीच वर्षं बाकी होती. त्या ठिपक्याचा रंग निळ्याकडून लालीकडे झपाट्याने बदलला. त्यावरून कळलं की ताऱ्यांच्या टकरीत जड मूलद्रव्यं तयार झाली. सोनं आणि प्लॅटिनम या कुळातलीच. सराफाच्या दुकानात आपण ज्या धातूसाठी भावाची घासाघीस करतो, त्यातला बराच भाग अशा टकरींत घडला असावा, याला तो मोठा आधार. नंतर महिनोन् महिने रेडिओ धगीवर लक्ष ठेवण्यात नारायणगावजवळच्या खोडदची आपली महाकाय रेडिओ दुर्बीणही सामील होती.

रेघ पुसट होते

साक्ष मिळाली, रेघ पक्की झाली, असं वाटलं. पण २६ ऑगस्ट २०२० रोजी जेमतेम सेकंदभराचा झोत आला आणि मागोमाग सुपरनोव्हाची खूण दिसली. आखूड असूनही तो महाकाय ताऱ्याचा निघाला. ११ डिसेंबर २०२१ रोजी उलट घडलं. झोत जवळपास मिनिटभर चालला, पण मागे राहिलेली धग तशीच होती, जशी २०१७ च्या टकरीनंतर दिसली होती. ७ मार्च २०२३ च्या लांब स्फोटातही तोच प्रकार, आणि तिथे जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण मिळाली. आणि २ जुलै २०२५ रोजी, म्हणजे व्हेलाच्या त्या पहिल्या नोंदीला बरोबर अठ्ठावन्न वर्षं झाली त्या दिवशी, फर्मीने एकाच स्रोताकडून पुन्हा पुन्हा झोत नोंदवले. सात तासांहून अधिक वेळ. हा कुठल्याच खान्यात नीट बसत नाही आणि त्याच्या कारणांवर वाद चालू आहे.

याचा अर्थ १९९३ ची रेघ चुकीची होती असा मी घेत नाही. ती घड्याळाने काढलेली होती आणि घड्याळाला जेवढं कळतं तेवढं तिने सांगितलं. स्फोट कोणत्या जातीचा, हे ठरवायला किरणांची ऊर्जा, मागची धग, त्या जागची दीर्घिका आणि शक्य झालं तर गुरुत्वीय लहर, हे सगळं एकत्र ठेवावं लागतं. संगणकाला हजारो नोंदी दाखवून त्याच्याकडूनही आता वर्गवारी करून घेतात. पण संगणकासमोर ठेवलेला पुरावाच एकाकी असेल तर तोही अंदाजच करणार.

औंढ्याचा साक्षीदार

आता पुन्हा आपल्या भागात येऊ. गुरुत्वीय लहरीची एक वेधशाळा एकट्याने दिशा सांगू शकत नाही. व्हेलासारखंच इथेही वेळेतला फरक मोजावा लागतो. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांत तीन हजार किलोमीटरचं अंतर. त्यामुळे लहर दोन ठिकाणी पोचण्यातला फरक फार तर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. भारतातली वेधशाळा त्या दोघींपासून खूप दूर, पृथ्वीच्या जवळपास पलीकडच्या अंगाला. त्यामुळे हा फरक तिपटीहून जास्त होईल आणि आकाशातली जागा तेवढी नेमकी सापडेल. शिवाय एखादी वेधशाळा दुरुस्तीसाठी बंद असली तरी बाकीच्या जाग्या राहतील.

म्हणून ‘लायगो-इंडिया’. आयुकामध्ये डॉ. संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून लहर कशी वेचायची याच्या गणितावर अनेक वर्षं काम केलेलं होतं, त्यामुळे पाया इथे होताच. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. काम पूर्ण करण्यासाठी तेव्हा २०३० हे साल सांगितलं गेलं. औंढा तालुक्यात दुधाळा गावाच्या परिसरात एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या बांधायच्या आहेत. त्यांतून लेसरचा झोत जाऊन परत येईल आणि प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान असा लांबीतला फरक मोजेल.

जागा निवडली ती शांततेसाठी. समुद्र लांब, मोठे कारखाने नाहीत, रेल्वे आणि महामार्गांची धडधड कमी. कोणी विचारेल, आपल्या भागात तर जमीन हादरते. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात सौम्य भूकंपाचे धक्के बसले, हे खरं आहे. असा धक्का आला की मोजणी थोडा वेळ थांबते, तो भाग बाजूला टाकतात आणि आरसे पुन्हा जागेवर आणतात. अमेरिकेतल्या वेधशाळाही दूरच्या भूकंपांनी अशा थांबतात. जास्त त्रास होतो तो रोजच्या बारीक थरथरीचा. शिवाय स्थानिक हादरा एकाच वेधशाळेत दिसतो, विश्वातली लहर सगळीकडे दिसते. इथेही उपाय पुन्हा तोच, साक्षीदार जास्त हवेत.

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. लोक ती गमतीने म्हणतात. पण जर्मनीत हानोफरजवळ सहाशे मीटर भुजांची गुरुत्वीय लहरींची एक वेधशाळा खरोखरच आहे, आणि आपल्या जुन्या जिल्ह्यातली वेधशाळा तिच्यापेक्षा सहापट-सातपट लांब भुजांची होणार आहे. म्हणीला एवढा तरी आधार मिळाला!

‘सर, याचा आम्हाला काय उपयोग?’ हा प्रश्न मला पारावर नेहमी विचारतात. खरं सांगतो, यामुळे सोयाबीनचा भाव वाढणार नाही आणि दुष्काळही हटणार नाही. काही कामं मिळतील, रस्ते होतील, पोरांना मोठं यंत्र जवळून बघायला मिळेल. पण मूळ कारण वेगळं आहे. हे स्फोट एकदाच होतात. ज्या क्षणी ठिणगी पडली त्या क्षणी कोणी पाहत नसेल, तर ती कायमची गेली. १७ ऑगस्टला अ‍ॅस्ट्रोसॅट पृथ्वीच्या आड होता. तसं पुन्हा होऊ नये म्हणून आयआयटी मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांबरोबर ‘दक्ष’ नावाचा प्रस्ताव मांडला आहे. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन उपग्रह ठेवायचे, म्हणजे एक आड गेला तरी दुसरा बघत राहील. वर तसे दोन डोळे आणि खाली औंढ्याला एक कान, हे एकाच वेळी जागे असले तर पुढच्या टकरीची ओळख पटवण्यात आपल्याला दुसऱ्याच्या नोंदीवर विसंबून राहावं लागणार नाही.

त्यात आपल्या वाट्याला एक लहानसं काम आहे. वेधशाळेच्या आसपास उद्या खडी केंद्र, मोठा कारखाना किंवा अवजड वाहतूक यायची बोलणी होतील. तेव्हा जिंतूर, औंढा, हिंगोलीच्या माणसांनी विचारायला हवं की या धडधडीचं यंत्रावर काय होईल. इथली शांतता हा त्या यंत्राचाच एक भाग आहे, आणि तो आपल्या ताब्यात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)